दोन दिवसांचं माहेर, पत्ता बर्लिन

‘फराळ आणणार असशील तरच ये. नाहीतर प्लॅटफॉर्मवरूनच परत पाठवीन.’

शनिवारी सकाळी सहा वाजता असा मेसेज आला की समजायचं, काकूचा मूड मस्त आहे! काकू म्हणजे खरीखुरी काकू नव्हे हं. वय वर्षं फक्त सव्वीस. पुण्यात सदाशिव पेठेत आम्ही तीन वर्षं एकाच खोलीत पेइंग गेस्ट होतो. तापात कपाळावर घड्या ठेवणं, मेसचा डबा बुडाला की मॅगी करून घालणं आणि रात्री अकरानंतर फोनवर कुणाशी बोलतेयस याची चौकशी करणं, ही तिन्ही खाती तिच्याकडे. म्हणून नाव पडलं काकू. सध्या ती बर्लिनला राज्यशास्त्रात एमए करतेय. तिच्याच फ्लॅटमध्ये बाजूच्या खोलीत राहतो बंड्या. माझा इंजिनीअरिंगचा लॅब पार्टनर, मूळचा सांगलीचा. बर्लिनला कॉम्प्युटर्समध्ये मास्टर्स करायला आला आणि डिग्री घेऊन तिथेच टिकला.

आणि मी? मी मॅग्डेबुर्गला. नाव ओळखीचं वाटतंय ना? शाळेत हवेच्या दाबाच्या धड्यात तांब्याचे दोन अर्धगोल होते. ते एकमेकांना चिकटवून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले, तरी ते सुटेनात! तो प्रयोग करणारा ओटो फॉन गेरिके याच गावचा, चक्क महापौर होता इथला. एल्बे नदीकाठचं हे शहर शांत, स्वच्छ आणि स्वस्त. रविवारी मात्र इतकं सामसूम, की आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो.

गोष्ट आहे २०२५ च्या दिवाळीची. मंगळवारी लक्ष्मीपूजन होतं आणि मी रात्री आठपर्यंत लायब्ररीत होते. इथे दिवाळीची सुट्टी नसते हे माहीत होतंच. पण हॉस्टेलच्या खोलीत टी-लाइटची मेणबत्ती लावायलाही स्मोक अलार्मची भीती वाटते, हे कुणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी भाऊबीजही तशीच गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्याहून परत आलेल्या एका सीनियरच्या बॅगेतून आईने फराळ पाठवला होता. स्टीलचा मोठा डबा. मी तो उघडलाच नव्हता. का, ते पुढे सांगते.

पाचपैकी पाच!

आधी जर्मन मार्कांचं गणित समजून घ्या, कारण सगळी गडबड तिथेच झाली. आपल्याकडे जितके जास्त मार्क तितकी पोरगी हुशार. इथे उलटं. १.० म्हणजे टॉप, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास.

जुलैमध्ये मेकॅनिक्सच्या एका पेपरात मला ५.० मिळाले. त्याच संध्याकाळी घरून व्हिडीओ कॉल आला. ‘किती मिळाले गं?’ आईने विचारलं. मी खरं तेच सांगितलं, ‘पाच.’

‘कितीपैकी?’

या प्रश्नावर मी गप्प बसले. फार नाही, दोनच सेकंद. तेवढ्यात आईने स्वतःच उत्तर शोधलं. ‘अहो, ऐकलंत का? पाचपैकी पाच!’ बाबा मागून उठून कॅमेऱ्यासमोर आले. दुसऱ्या दिवशी चिंचवडला आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. मावशीचा अभिनंदनाचा फोन आला, तोही मी घेतला.

सप्टेंबरमध्ये परत पेपर दिला. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. परत पाचपैकी पाच. आता उरला तिसरा आणि शेवटचा अटेम्प्ट. त्यात गेलं तर हा कोर्सच संपला, नाव कमी. बाबांनी भोसरीतल्या कंपनीतून रिटायर होताना मिळालेल्या पैशातून आणि वर कर्ज काढून मला पाठवलंय. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात बंद करून ठेवावे लागले आणि त्यातले दरमहा ९९२ माझ्या हातात येतात. दर महिन्याच्या एक तारखेला ते आले की मला आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा यायला लागला होता.

आता कळलं ना, फराळाचा डबा का उघडवत नव्हता ते? पाचपैकी पाचवालीसाठी केलेल्या करंज्या होत्या त्या.

भुतांच्या स्टेशनांवरून

मॅग्डेबुर्ग ते बर्लिन रिजनल ट्रेनने साधारण पावणेदोन तास. आपल्या डेक्कन क्वीनपेक्षा कमीच. शिवाय खिशात डॉइचलँड तिकीट! महिन्याचा हा एकच पास काढला, की देशभरातल्या सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या, मेट्रो, बस, ट्राम तुमच्या. फक्त सुपरफास्ट गाड्यांत बसायचं नाही. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं. महागलं तरी स्टुडंट जमातीसाठी ते अजूनही मुक्तीचं तिकीट आहे. मनात आलं की निघा, रिझर्व्हेशन नाही आणि तत्कालची मारामारी नाही.

डबा मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. ब्रांडेनबुर्ग, मग वेर्डर, मग पोट्सडाम. अधेमधे तळी, त्यांच्याकडेला पिवळीजर्द झालेली झाडं. समोरच्या आजीबाई माझ्या डब्याकडे संशयाने बघत होत्या. आत काहीतरी खुळखुळत होतं. चकल्यांचा भुगा झालेला होता, नक्की.

फ्रीडरिषश्ट्रासेला उतरून मेट्रोची यू-६ लाइन पकडली आणि तिथे बंड्या भेटला. हातात दोन मोठ्या पिशव्या, दोन्ही रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्यांनी भरलेल्या. ‘ये बाई! आधी डबा दे, मग गळ्यात पड.’

बंड्याला कुठलीही जागा दाखवताना स्टोरी सांगायची सवय आहे. ‘आता पुढची तीन स्टेशनं नीट बघ,’ तो म्हणाला. ‘भिंत होती तेव्हा ही लाइन वेस्ट बर्लिनची होती. पण मधले हे बोगदे ईस्ट बर्लिनच्या खालून जायचे. म्हणून गाडी इथे थांबायचीच नाही. अंधारे प्लॅटफॉर्म, बंदूक घेतलेले गार्ड आणि खिडकीतून बघणारे पॅसेंजर. लोक या स्टेशनांना भुतांची स्टेशनं म्हणायचे.’ १९६१ मध्ये भिंत उभी राहिली, १९८९ मध्ये पडली. म्हणजे अठ्ठावीस वर्षं लोक रोज आपल्याच शहराच्या पोटातून, न थांबता, काही न बोलता जात राहिले.

आज तिथे दिवे आहेत, कॉफीचा कप घेतलेली पोरं चढतात, उतरतात. मी मात्र मनातल्या मनात माझी भुतांची स्टेशनं मोजत होते. जुलै. सप्टेंबर. दर रविवारचा व्हिडीओ कॉल. गाडी येते, जाते, थांबत नाही.

तीनशे हेक्टर रिकामी जागा

त्यांचा फ्लॅट वेडिंग नावाच्या भागात आहे. (हो, नाव हेच. बंड्याच्या आईला पत्ता सांगितला तेव्हा तिने आधी मुलीचं नाव विचारलं होतं.) तीन खोल्या, तीन भाडेकरू, एक किचन. अशा शेअर्ड फ्लॅटला इथे ‘वेगे’ म्हणतात. तिसरा मेंबर त्या वीकेंडला गावी गेला होता, त्यामुळे घर फुल टू आपलं. दाराला टांगलेल्या हुकवर एक जाडजूड रेनकोटसारखं जॅकेट होतं, आतली बाजू बाहेर करून लटकवलेलं. मी विचारलं, ‘असं उलटं का?’ बंड्या म्हणाला, ‘वाळायला.’ मी विसरूनही गेले.

काकूने डबा ताब्यात घेतला, उघडला नाही. ‘रात्री. आधी बाजार, मग भटकंती.’ जर्मनीत रविवारी सगळी दुकानं बंद असतात. शनिवारी दूध, भाजी आणली नाही तर सोमवारपर्यंत उपास. म्हणून आधी सुपरमार्केट. तिथे दाराशी एक मशीन असतं. त्यात रिकाम्या बाटल्या टाकायच्या, की ते पावती देतं. प्रत्येक प्लॅस्टिक बाटलीचे २५ सेंट. विकत घेतानाच ते डिपॉझिट म्हणून घेतलेले असतात. बंड्याने पंधरा बाटल्या सरकवल्या. ३ युरो ७५ सेंटची पावती आली. मला वाटलं, लगेच बिलात वजा करेल. त्याने घडी घालून पाकिटात ठेवली.

दुपारी परत यू-६ पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेम्पलहोफर फेल्डला गेलो. बर्लिनला जाऊन लोक भिंत बघतात, ब्रांडेनबुर्ग गेट बघतात, संसदेच्या काचेच्या घुमटाबरोबर फोटो काढतात. सगळं बघा. पण एक जागा चुकवू नका, ती ही. हा चक्क एक विमानतळ आहे. म्हणजे होता. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत फौजांनी वेस्ट बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे तोडल्या, तेव्हा वीसेक लाखांच्या शहराला विमानांनी कोळसा, पीठ, दूध पुरवलं गेलं. पावणेतीन लाखांहून जास्त उड्डाणं झाली. त्यातली कितीतरी विमानं इथेच उतरली. मुलांसाठी रुमालांची पॅराशूट करून त्यातून चॉकलेटं टाकणारे पायलटही त्यातच होते.

ऑक्टोबर २००८ मध्ये विमानतळ बंद झाला. मे २०१० मध्ये गेट उघडून लोकांना सांगितलं, या! बस्स, बाकी काही केलं नाही. धावपट्टी आहे तशी, गवत आहे तसं. सुमारे ३०० हेक्टर. शिवाजी पार्कासारखी पंचवीसेक मैदानं सहज बसतील. तिथे घरं बांधायची योजना आली, तेव्हा २०१४ मध्ये लोकांनी मतदान केलं आणि कौल दिला, जागा रिकामीच ठेवा.

‘आपल्याकडे असती तर?’ काकू म्हणाली.

‘आत्तापर्यंत टू बीएचकेचं बुकिंग फुल,’ बंड्या म्हणाला. ‘विथ रनवे व्ह्यू!’

पण हसता हसता धावपट्टीच्या मधोमध उभं राहिलं की काहीतरी होतं. दोन किलोमीटरच्या आसपास लांब, सरळ, रिकामा रस्ता. वारा असा, की ओढणी सांभाळावी की डोळे. कुणी पतंग उडवतंय, कुणी स्केट्सवर शीड लावून सुसाट जातंय, एक आजोबा धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून नुसते बसलेत. कुणी कुणाला ‘मग पुढे काय करायचं ठरवलंयस?’ असं विचारत नाहीये. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला असेन.

बंड्या मात्र मध्येच फोन काढून बघायचा आणि परत खिशात घालायचा. तो इतका गप्प कधीपासून झाला, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं.

जास्तीचा एक तास

रात्री काकूने पिठलं-भात केला. बेसन एशियन शॉपमधलं, मोहरी घरून आणलेली, कढीपत्ता फ्रीझरमधला. गोड म्हणून क्वार्कचं श्रीखंड. क्वार्क म्हणजे इथलं चक्क्यासारखं चीज. साखर, वेलची घालून फेटलं की डोळे मिटून खाल्ल्यास चितळ्यांच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. ठेचा करायचा होता, पण दहा वाजून गेले होते. दहानंतर इथे शांतता पाळायची असते. खलबत्ता वाजला असता तर खालच्या मजल्यावरचे काका झाडू घेऊन छत ठोकतात, म्हणे.

मग काकूने डबा उघडला. चकल्यांचा खरंच भुगा झाला होता. करंज्या मात्र अख्ख्या. ‘बंड्या, बस पाटावर,’ तिने हुकूम सोडला. पाट म्हणजे योगा मॅट. तिने ताटलीत टी-लाइट लावला, बंड्याने स्टुलावर चढून स्मोक अलार्मखाली वर्तमानपत्र हलवत ठेवायचं काम आधी करून बघितलं आणि मग खाली बसला. गुरुवारची भाऊबीज शनिवारी रात्री झाली. आम्ही दोघींनी त्याला ओवाळलं. काकूला त्याने कॅडबरी दिली. मला पाकिटातून ती घडी घातलेली पावती. ‘३ युरो ७५. उडव.’

मी खूप हसले. तोही हसला. पण काकू हसली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

त्या रात्री घड्याळं मागे जाणार होती. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजले की परत दोन वाजतात. म्हणजे रात्रीतला एक तास दोनदा मिळतो. ‘तो बघायचाच,’ असं ठरवून आम्ही किचनमध्ये चहा घेत जागत बसलो. फोन टेबलाच्या मधोमध. २:५८. २:५९. आणि मग २:००!

‘घ्या,’ बंड्या म्हणाला. ‘हा तास कुठल्याच हिशोबात नाही. काय पाहिजे ते करा.’

माहीत नाही काय झालं. मी म्हणाले, ‘मी दोनदा नापास झालेय.’

शांतता. मग मी सगळंच सांगितलं. पाचपैकी पाच, पेढे, मावशीचा फोन, फेब्रुवारीतला शेवटचा अटेम्प्ट. बंड्याने आधी ‘पेढे वाटले?’ असं विचारलं आणि फस्सकन हसला. मलाही रडता रडता हसू आलं. गेरिकेचे ते गोळे घोड्यांनी सुटले नाहीत. पण झडप उघडून आत थोडी हवा सोडली, की हातानेसुद्धा सुटतात. तसंच काहीसं झालं.

मग बंड्या उठला, दारामागचं जॅकेट घेऊन आला आणि सुलटं केलं. फूड डिलिव्हरी कंपनीचं होतं. भडक रंग, पाठीवर मोठा लोगो.

‘मार्चमध्ये डिग्री मिळाली,’ तो म्हणाला. ‘नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. त्यातले सात संपले. घरी सांगितलंय की सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनी आहे. संध्याकाळी सायकलवर पिझ्झे पोचवतो. काम वाईट नाही. रस्ते पाठ झाले. फक्त बाबांचा व्हिडीओ कॉल आला की आधी जॅकेट काढतो.’

काकूला हे माहीत होतं. एकाच घरात राहून कसं लपणार? पण तिने मला कधी सांगितलं नव्हतं, तसंच आता माझंही कुणाला सांगणार नव्हती. ‘झालं दोघांचं?’ ती म्हणाली. ‘आता ऐका. इथे आल्यापासून आपण तिघं इन्स्टावर फक्त ट्यूलिप आणि बर्फ टाकतोय. घरच्यांना वाटतं, पोरं मजेत आहेत. ते आपल्याला काळजी नको म्हणून त्यांचं बीपी सांगत नाहीत आणि आपण त्यांना काळजी नको म्हणून मार्क सांगत नाही. कुणालाच कुणाचं काही माहीत नाही. याला प्रेम म्हणायचं का गं?’

उत्तर कुणाकडेच नव्हतं. घड्याळात परत तीन वाजले, या वेळी खरे.

इरावतीबाईंच्या दारात

रविवारी सकाळी काकूने मला उठवलं. ‘चल, माझं डिपार्टमेंट दाखवते.’ बंड्याला तिने झोपू दिलं. लिओपोल्डप्लाट्झहून यू-९, मग श्पिषर्नश्ट्रासेला बदलून यू-३. आम्ही डालेमला पोचलो. झाडीतले बंगले, पानांचा सडा, एकदम प्रभात रोडचा फील. इनेश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर २२ नंबरच्या इमारतीसमोर काकू थांबली.

‘इथे माझे लेक्चर्स होतात. आणि इथेच, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, इरावती कर्वे शिकत होत्या.’

मी बघतच राहिले. ‘युगान्त’वाल्या इरावतीबाई! १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या पीएचडीसाठी बर्लिनला आल्या होत्या. तेव्हा इथे मानववंशशास्त्राची मोठी संस्था होती. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. हा फरक वंशानुसार बदलतो का, असा त्यांचा विषय. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर म्हणजे वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि लिहून दिलं, वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. गाइडला काय आवडेल, ते नाही लिहिलं. जे दिसलं, ते लिहिलं. पुढे नाझी काळात याच संस्थेत ऑशविट्झच्या छळछावणीतून मानवी अवशेष ‘संशोधना’साठी येत. बाहेरच्या भिंतीवर त्याची आठवण देणारी पाटी आहे.

‘घरापासून इतक्या लांब,’ काकू म्हणाली, ‘फोन नाही, पत्र बोटीने जाणार. परीक्षक समोर. आणि बाई खरा आकडा लिहून मोकळी.’

‘तू मला इथे मुद्दाम आणलंयस,’ मी म्हणाले.

‘मग? म्युझियम बघायला आणलं असं वाटलं?’ तिने स्टेशनजवळच्या बागेतल्या बाकाकडे बोट दाखवलं. ‘फोन लाव. मी बाजूला बसते.’

अकरा वाजले होते. कालपर्यंत भारतात आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, आजपासून साडेचार. म्हणजे चिंचवडला साडेतीन, बाबांच्या चहाची वेळ. फोन बाबांनीच उचलला. मी कॅमेरा बंद ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ५.० म्हणजे काय, दोनदा कसं झालं, शेवटची संधी कधी आहे.

पलीकडे फक्त पंख्याचा आवाज. मग बाबांनी विचारलं, ‘परत बसायचे वेगळे पैसे पडतात का?’

‘नाही.’

‘मग दे की परत. रडतेस कशाला?’ थोडं थांबून म्हणाले, ‘मी एसएससीला गणितात गेलो होतो. तुझ्या आईला अजून माहीत नाही.’

आणि मागून आईचा आवाज आला, ‘कोण गेलं? कुठे गेलं? अहो, कोण गेलं?’

काकूने तोंडावर रुमाल दाबून धरला होता. आईला समजायला दहा मिनिटं लागली. ती रागावली, नाही असं नाही. पण नापास झाल्यावर नाही, पेढ्यांवरून रागावली. ‘अगं, तेव्हाच सांगायचं ना! निदान पेढे तरी वाचले असते!’ मग गप्प झाली आणि हळूच म्हणाली, ‘तीन महिने एकटीच घेऊन बसलीस होय गं?’

त्यावर मात्र मला कॅमेरा चालू करावासा वाटला. केला.

रिकामा डबा

पावणेपाचला सूर्य मावळला. घड्याळ मागे गेल्यावर पहिली संध्याकाळ अशी अचानक अंगावर येते. बंड्या स्टेशनवर सोडायला आला, या वेळी जॅकेट घालून, सुलटं. इथूनच तो कामाला जाणार होता. ‘सांगलीला फोन केलास?’ मी विचारलं. ‘पुढच्या रविवारी,’ तो म्हणाला. ‘बाबांशी बोलायला आधी जरा प्रॅक्टिस पाहिजे.’ मी आग्रह केला नाही. प्रत्येकाचं स्टेशन वेगळं असतं, गाडी कधी थांबवायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्याने थांबवली ती नोव्हेंबरच्या शेवटी.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मांडीवरचा डबा जड आहे. काकूने धुवून, पुसून, परत भरला होता. माहेराहून निघताना डबा रिकामा देत नाहीत ना! अर्ध्या भागात श्रीखंड, अर्ध्यात मेतकूट आणि वर चिठ्ठी, ‘फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारी रात्री नऊला फोन. मेकॅनिक्स मला शिकवायचं. मला कळलं तर तुला कळलं.’

राज्यशास्त्रवालीला बीमचं बेंडिंग समजावताना मला ते पहिल्यांदा खरंच समजलं, हे इथे कबूल करते. फेब्रुवारीत पेपर झाला. ३.७ मिळाले. म्हणजे पास, अगदी रांगत रांगत. घरी सांगितलं, तर आई क्षणभर थांबली. ‘पाचावरून ३.७ वर आलीस?’ आणि मग स्वतःच, ‘थांब थांब... कमी म्हणजे चांगलं ना?’

पेढे नाही वाटले. तिने एकटीने एक खाल्ला, म्हणे.

बंड्या अजून इंटरव्ह्यू देतोय. त्याने दिलेली ३ युरो ७५ ची पावती माझ्या टेबलासमोर पिनने लावलेली आहे. ती वटवायची नाही, असं ठरवलंय. त्याला नोकरी लागली की व्याजासकट वसूल करीन!

बर्लिनला वीकेंडला जाताय?

तिकीट : डॉइचलँड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. लोकल आणि रिजनल गाड्या, मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात. सुपरफास्ट गाड्या नाहीत.

खरेदी : शनिवारीच उरका. रविवारी दुकानं बंद. अगदीच अडलं तर मुख्य स्टेशनात काही दुकानं उघडी सापडतात.

बाटल्या : फेकू नका. २५ सेंट म्हणजे २५ सेंट!

चुकवू नये असं : टेम्पलहोफर फेल्ड. सोबत विंडचीटर हवाच, गेट अंधार पडताना बंद होतात. यू-६ ने पाराडेश्ट्रासे किंवा टेम्पलहोफला उतरा.

मराठी माणसासाठी खास : डालेममधली इनेश्ट्रासे २२. यू-३ चं फ्राये उनिवेर्झिटेट स्टेशन. पाटी वाचा, दोन मिनिटं उभे राहा.

मित्रांकडे उतरणार असाल तर : डबा भरून न्या. येताना भरूनच मिळेल.